सिंहगड रोडचा नवा बिअर हॉल : ही जागा लाभणार का?

माणिकबागकर

सिंहगड रोडवाल्यांना ती इमारत वेगळी सांगायला नको. संतोष हॉलकडून माणिकबागेकडे येताना दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब काचा दिसतात, तीच. मी या भागात बावीस वर्षं राहतोय आणि त्या काचांमागे काय काय होऊन गेलं ते पाहिलंय. आधी साड्यांचं दालन होतं. मग फर्निचर आलं. मग जिम, जिथे मी वर्षाचे पैसे भरून अकरा दिवस गेलो. मग एक अनलिमिटेड थाळी आली आणि आठ महिन्यांत मिटली. पुढे लॉकडाउन, आणि 2021 मध्ये उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यावर समोर पत्रे लागले ते लागलेच. सासूबाई म्हणतात, "ती जागा लाभतच नाही कुणाला." इस्त्रीवाला तेच म्हणतो. इस्टेट एजंटसुद्धा तेच म्हणतो, फक्त आवाज खाली आणून, मुलीला मंगळ असल्याचं सांगावं तसा.

तर त्या जागेत गेल्या महिन्यात बिअर हॉल सुरू झालाय. बिअर तिथेच बनवतात. नाव देत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादात 'जाहिरात उडवा' येईल.

बुधवारी संध्याकाळी मी, बायको आणि ऑफिसातला एक मित्र असे तिघं गेलो. आम्ही दोघं घरून चालत, मित्र स्वारगेटकडून गाडीने. त्याची कथा आधी सांगतो, कारण या जागेचं सगळं दुखणं तिच्यात आलंय. विठ्ठलवाडी ते फनटाइम थिएटर हा पूल 1 मे 2025 ला सुरू झाला. मित्र सवयीने त्यावर चढला. पूल जातो नेमका हॉलच्या खिडक्यांच्या उंचीवरून. त्याने डावीकडे पाहिलं तर काचेआड माणसं बसलेली, हातात मग, आणि त्यातल्या एकाने याला हात केला (तो मी). हाकेच्या अंतरावर बिअर आणि मधे कठडा. फनटाइमला उतरून वळसा घालून खालच्या रस्त्याने परत आला, तर आता हॉल रस्त्याच्या पलीकडे. पुन्हा यू-टर्न. मग पार्किंग. इमारतीखाली बारा दुचाकी कशाबशा मावतात, त्यातल्या दहा पहिल्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या. शेवटी कालव्याकडच्या एका गल्लीत गाडी लावून पठ्ठ्या चालत आला. मी हात केल्यापासून तो बाकावर टेकेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली.

समोरचा जिना बंद आहे. दार मागच्या बोळात, डेअरी आणि पंक्चरवाल्याच्या मधून. लिफ्ट चौघांची. ती रात्री नऊला वॉचमन बंद करतो, तसा कमिटीचा ठराव आहे म्हणे. म्हणजे चढताना लिफ्ट, उतरताना जिना. हे उलटं असतं तर बरं झालं असतं.

आत गेलात की मात्र जीव निवतो. लांब लाकडी टेबलं, बाकडी, उंच छत, पिवळे दिवे. डीजे नाही, हुक्का नाही, क्रिकेटचा पडदा नाही. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाशी बोलता येईल एवढाच आवाज. मला या एका गोष्टीसाठी तिथे पुन्हा जावंसं वाटलं. कल्याणीनगर-बाणेरच्या गोंगाटात बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी घसा बसतो तो बिअरने नव्हे, ओरडून.

बिअरचे चार नळ आहेत. गव्हाची बिअर चांगली. केळं आणि लवंग असा दुहेरी वास, जो खरं तर यीस्ट देतं, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नाही. धने-संत्र्याची साल घातलेली बेल्जियन धाटणीची दुसरी, ती बायकोला आवडली. स्टाउट, म्हणजे काळी बिअर, बरी. चौथी, जिच्यासाठी मी मुद्दाम गेलो होतो, ती आंबेमोहोर तांदळाची लागर. इथे निराशा. आंबेमोहोराचा वास उकळीतच उडून गेलेला, फळ्यावर नाव तेवढं उरलंय. वर मागून लोण्यासारखा वास येत होता.

आणि फेस. पहिला मग आला तो निम्मा फेस. परत पाठवला, दुसराही तसाच. वेटर बिचारा म्हणाला, "सर, पाइप लांब आहे." टाक्या तळमजल्यावर मागच्या गाळ्यात आहेत आणि नळ दुसऱ्या मजल्यावर.

चखणा झकास. उकडलेल्या शेंगा, भाजणीचे वडे, खर्डा चिकन. अर्ध्या लिटरचा मग 380, त्यावर 10 टक्के व्हॅट. पाच मग आणि तीन प्लेट मिळून 2,909 झाले.

आता मुद्दा. साडेआठला सव्वाशेच्या हॉलमध्ये आम्ही धरून अकरा डोकी. मालक (तरुण आहे, स्वतः टेबलाशी येऊन विचारून जातो) हसत होता, पण ते हसणं मी थाळीवाल्याच्या तोंडावरही पाहिलंय. मला वाटतं, जागेत खोट नाही. आजवर आलेल्या प्रत्येकाने गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली, आणि गाडीतल्या माणसाला ही जागा फक्त दिसते, मिळत नाही. पण दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात किती सोसायट्या आहेत मोजा. पायी येणाऱ्याला यू-टर्न नाही, पार्किंग नाही, परत जाताना फुंकर मारायला लावणारा पोलीस नाही. साडी घ्यायला लोक लक्ष्मी रोडला जाणारच. बिअर प्यायला बाणेरला कशाला जायचं?

तुम्हाला काय वाटतं? कुणी जाऊन आलंय का?

तिखटमीठ

फोटो नाहीत, नाव नाही, नकाशा नाही. हा धागा आहे की कोडं?

सर्व्हिस चार्ज लावला का ते सांगा. मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो सक्तीने घेता येणार नाही म्हटलंय, तरी लोक बिलात गुपचूप घुसवतात.

जाता जाता, मालकाला एक पाटी भेट द्या, खिडकीत पुलाकडे तोंड करून लावायला : "बिअर हवी असल्यास पुलाखालून यावे. वरून फक्त दिसते."

माणिकबागकर

सर्व्हिस चार्ज नव्हता. पाटी कळवतो.

अर्धा_पेला

तो लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल. आंबताना यीस्टच तो तयार करतं आणि पुढे थोडा वेळ दिला, थोडी ऊब दिली की तेच गिळूनही टाकतं. लागर थंडीत, दहा-बारा अंशांना आंबवतात आणि मग काही आठवडे शून्याच्या आसपास निजवून ठेवतात. 'लागर' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. हॉल सुरू होऊन महिना झालेला आणि नळाला लागर? घाई झाली. नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन महिने गव्हाची मागवावी, ती पंधरवड्यात तयार होते आणि ताजी असतानाच चांगली लागते. लागरला दिवाळीत भेटा.

चौथा_मजला

मी त्या इमारतीच्या मागच्या सोसायटीत राहतो. तुमच्या धाग्यात आमचा उल्लेख 'दहा मिनिटं चालण्याच्या अंतरातल्या सोसायट्या' एवढाच आहे, म्हणून लिहितोय.

पूल झाल्यापासून समोरच्या खोल्यांमध्ये हॉर्न थेट खिडकीत वाजतो. मागच्या खोल्या शांत होत्या. आता तिथे रात्री बाकडी सरकवल्याचा आवाज येतो. दगडी फरशीवर लाकडी बाकडं ओढलं की कसं वाटतं ते घरी करून बघा. आणि आठवड्यातून एकदा दुपारी सगळ्या बोळात उकडलेल्या धान्याचा वास. वाईट नाही म्हणत मी. आईला तर वाटलं, कुणीतरी सातूचं पीठ भाजतंय. पण आम्हाला कुणी विचारलं नाही.

डीजे नाही हे मान्य. साडेअकराला बंद करतात हेही मान्य. बाकड्यांना खाली रबर लावायला किती खर्च येतो?

माणिकबागकर

चौथा_मजला, चूक कबूल. हे नक्की सांगतो त्यांना. तुम्हीही एकदा जा, तक्रार करायला म्हणून जा हवं तर.

चौथा_मजला

आमच्याकडे सोमवार-गुरुवार-शनिवार-चतुर्थी धरून उरलेल्या दिवसांत बसवावं लागेल.

नळदुरुस्ती

फेसाबद्दल लिहितो, माझा पेशा पंपांचा.

वेटर खरं बोलला. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण 1 बार (हे दाबाचं माप) दाब लागतो. तळमजल्यावरच्या टाकीपासून दुसऱ्या मजल्यावरच्या नळापर्यंत सात-आठ मीटर धरा. म्हणजे पाऊण बार नुसता चढण्यात गेला, पाइपातलं घर्षण वेगळं. हा दाब कार्बन डायऑक्साइडनेच दिला, तर जास्तीचा वायू बिअरमध्ये विरघळतो. नळाशी दाब सुटला की तो सगळा एकदम बाहेर. सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखं. त्यात पाइप पूर्ण लांबीभर थंड नसेल तर आणखी वाईट, कारण कोमट बिअर वायू धरून ठेवत नाही. पाइपात दुपारभर उभी राहिलेली बिअर पहिल्या गिऱ्हाइकाच्या नशिबी येते.

तीन उपाय आहेत. एक, बिअरसाठीचा पंप बसवणं, म्हणजे ढकलायचं काम वायूवर राहत नाही. दोन, नायट्रोजन मिसळलेला वायू वापरणं, तो बिअरमध्ये फारसा विरघळत नाही. तीन, सरळ केग, म्हणजे बिअरचं बंद पिंप, भरून वर नेणं. पण 30 लिटरचा भरलेला केग चाळीस किलोच्या आसपास जातो आणि तुम्ही म्हणताय लिफ्ट चौघांची.

टाक्याच वर का नाही नेल्या, असं कुणी विचारण्याआधी : 500 लिटरची एक टाकी भरली की बिअरचंच वजन अर्धा टन. अशा पाच-सहा टाक्या साड्यांच्या दुकानासाठी ओतलेल्या स्लॅबवर मी तरी ठेवणार नाही.

तोवर सल्ला, आठनंतर जा. पहिला ग्लास दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे.

लिंबूसरबत

मी घेत नाही, नवरा घेतो. अशा ठिकाणी माझ्यापुढे पाण्याची बाटली आणि उपकार केल्यासारखं मेन्यूकार्ड येतं. इथे काही आहे का?

माणिकबागकर

कोकम सरबत आणि घरी केलेलं आल्याचं पेय आहे, तेही नळातूनच, तसल्याच मगात. दिसायला बिअरच. आल्याचं पेय मला आंबेमोहोरपेक्षा जास्त आवडलं हे इथेच राहू दे.

हिंगण्याची

आम्ही चार मैत्रिणी गेल्या शुक्रवारी जाऊन आलो. बायकांच्या बाजूने लिहिते, कारण वर कुणी लिहिलेलं नाही.

चांगलं आधी. वेटरने 'फॅमिली सेक्शन तिकडे' म्हटलं नाही, तसा सेक्शनच नाही. कुणी टक लावून पाहिलं नाही. कोपऱ्यात एक आजी-आजोबा शेंगा सोलत बसले होते, आजोबांपुढे मग आणि आजींपुढे कोकम. माझ्यासाठी ठिकाण पास-नापास तिथेच ठरतं.

वाईट म्हणजे तो बोळ. डेअरी आठला बंद होते आणि मग पंक्चरवाल्याच्या दुकानातल्या एका बल्बचाच काय तो उजेड. आम्ही चौघी होतो म्हणून ठीक. एकटी असते तर मोबाइलचा टॉर्च लावून, फोनवर बोलण्याचं नाटक करत गेले असते. दुसरं, बायकांचं स्वच्छतागृह एकच आणि त्याला आत पायरी. सव्वाशे माणसांच्या हॉलला एक? हॉल भरला तर रांग लिफ्टपर्यंत येईल.

अवांतर : लिफ्टमध्ये एक अभ्यासिकेतला मुलगा होता, काखेत चालू घडामोडींचं मासिक. त्याने पहिल्या मजल्याचं बटण दाबलं, मी दुसऱ्याचं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की निकाल लागला की गडी सरळ वरच येणार.

तिखटमीठ

निकाल लागला नाही तरी येईल :)

जुनी_सायकल

जागा अवघड म्हणून धंदा चालत नाही हे मला पटत नाही. 2009 मध्ये डूलालीने, म्हणजे तिथेच बिअर बनवणाऱ्या ठिकाणाने, पुण्यात सुरुवात केली तेव्हा ते एनआयबीएमच्याही पलीकडे होतं, एका क्लबच्या आवारात. रिक्षावाला आधी नाही म्हणायचा, मग येण्याजाण्याचे मागायचा. तरीही आम्ही जायचो, कारण ताजी, न गाळलेली बिअर दुसरीकडे मिळतच नव्हती. तोवर आमची बिअर म्हणजे बाटली, आणि निवड म्हणजे माइल्ड की स्ट्राँग. 2014 ला मुंढव्यात इंडिपेंडन्स हे तसंच दुसरं ठिकाण आलं, तेव्हा तिकडेही संध्याकाळी काळोखच असायचा. लोक गेले ना?

फरक असा की तेव्हा एकच होतं. आता पुण्यात पर्याय ढीगभर आहेत. पस्तीस मिनिटं घालवून कुणी येणार नाही. म्हणून माणिकबागकरांचा पायी येणाऱ्यांचा हिशेब मला बरोबर वाटतो, फक्त पायी येणारा माणूस 380 रुपये आठवड्यातून किती वेळा देईल? परमिट रूममधला व्हॅट नोव्हेंबर 2023 मध्ये 5 चा 10 टक्के झाला, तेव्हापासून आमच्या गटातले दोघं बिअर शॉपीतून घेऊन गच्चीवर बसतात.

आणि अवघड जागेचं म्हणाल तर खरी मजा 2017 ची. हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू नको, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश 1 एप्रिलपासून लागू झाला. तेव्हा केरळात परवूरच्या एका बारने आवारात भिंती घालून नागमोडी वाट केली. बार होता तिथेच, चालायचं अंतर तेवढं 500 मीटरच्या वर गेलं. त्यापुढे तुमचा बोळ म्हणजे राजमार्ग.

बावधनी

हे सगळं ठीक आहे, पण मित्र गाडी घेऊन आला, पाच मगांतले काही त्यानेही घेतले असणार. परत कसा गेला? 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि 2019 पासून पहिल्याच वेळेला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मे 2024 च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर हा विषय मला विनोदात घालवता येत नाही.

माणिकबागकर

रास्त प्रश्न. त्याने दोन घेतले. गाडी गल्लीतच राहिली, तो रिक्षाने गेला. दोन रिक्षावाल्यांनी 'पुलाखालून वळायला लागतं' म्हणून नकार दिला, तिसरा मिळाला. सकाळी गाडी न्यायला परत आला तर काचेवर चिठ्ठी : "इथे रोज लावणार असाल तर दूधवाल्याला सांगून लावा." पुणं आहे.

वाळूजवाला

पाण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी संभाजीनगरचा, वाळूजला बिअरच्या कारखान्याशेजारी नोकरी केली. एप्रिल 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि मग 60 टक्के कापायला सांगितलं होतं. तेव्हा घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि समोरून बिअरचे ट्रक जायचे, ते चित्र डोक्यातून जात नाही. एक लिटर बिअर म्हणजे धुण्यापुसण्यासकट पाच-सहा लिटर पाणी लागणारच, छोट्या ठिकाणी जास्तच. सिंहगड रोडला उन्हाळ्यात टँकर लागतात ना?

हिंगण्याची

लागतात. आणि जानेवारी 2025 ला जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ इथेच, धायरी-किरकटवाडी-नांदेड गावाच्या पट्ट्यात होती. आम्ही महिनाभर चहाचंसुद्धा पाणी दोनदा उकळलं. त्यामुळे माझाही हाच प्रश्न आहे, पाणी कुठलं?

अर्धा_पेला

बिअरची काळजी करू नका. धान्याचा गाळलेला रस तासभर खळाखळा उकळतात, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. पुढे अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) राखण करतात. मध्ययुगीन युरोपात लोक पाण्याऐवजी बिअरच प्यायचे, असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, पाणीही भरपूर प्यायचे. तुम्ही विचारायचं ते ग्लास कशाने धुतात आणि कोशिंबिरीचा कांदा कशात धुतात.

चवीच्या बाजूने बघायचं तर पाणी सगळ्यात मोठा घटक. खडकवासल्याचं पाणी मऊ, लागरला उत्तम. बोअरचं जड, त्यात स्टाउट खपून जाते. टँकर रोज वेगळ्या विहिरीचा आला तर प्रत्येक घाणा वेगळा लागणार. म्हणून आरओ बसवतात आणि मग क्षार मोजून परत घालतात. आणि आरओ अजून पाणी फेकतं, वाळूजवाल्यांचा मुद्दा तिथे पुन्हा येतो.

म्युनिकवासी

उशिरा वाचतेय. मी नऊ वर्षं म्युनिकमध्ये आहे, म्हणून 'बिअर हॉल' या शब्दावर अडकले.

इथली गंमत अशी की बिअर गार्डनचा जन्मच एका अडचणीतून झाला. 1539 च्या बव्हेरियातल्या हुकुमाने उन्हाळ्यात, म्हणजे 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर, बिअर बनवायला बंदी होती. भट्ट्यांना आगी लागायच्या आणि उकाड्यात बिअर नासायची. मग हिवाळ्यात जास्त बनवून गावाबाहेर तळघरांत ठेवायची. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, पानं मोठी आणि मुळं खोल जात नाहीत. लोक सावलीत येऊन तिथेच प्यायला लागले. गावातल्या खानावळवाल्यांनी ओरड केली, तेव्हा 1812 मध्ये राजाने निवाडा दिला : तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. म्हणून लोक घरून डबा आणायला लागले. आजही खऱ्या बिअर गार्डनमध्ये आपला डबा नेता येतो. आम्ही थालीपीठ आणि लोणी नेतो. शेजारचे जर्मन आजोबा आता थालीपीठ ओळखतात.

दुसरं म्हणजे 'श्टामटिश', नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल. त्यावर पाटी असते, तिथे उपऱ्याने बसायचं नाही. हॉल रिकामा असला तरी नाही. आपल्या कट्ट्यावर अमक्या काकांची जागा असते तसंच. इथली वस्तीतली ठिकाणं शनिवारच्या गर्दीवर चालत नाहीत, मंगळवारी येणाऱ्या त्या आठ जणांवर चालतात. तुमच्या मालकाला असे आठ-आठांचे चार गट मिळाले तर यू-टर्नचं कुणाला काय पडलंय?

तिखटमीठ

घरचा डबा? पुण्यात? बिअर बनवण्याआधी 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी बनवतात.

लिंबूसरबत

म्युनिकवासी, मस्त माहिती. आजोबांना थालीपिठाबरोबर ठेचा दिलात का?

म्युनिकवासी

एकदा दिला. त्यांनी उरलेली बिअर एका दमात संपवली.

माणिकबागकर

काल, म्हणजे मंगळवारी, पुन्हा जाऊन आलो. या वेळी बायको आणि तिच्या माहेरची दोघं, चौघंही चालत. इथला निम्मा धागा मालकाला वाचून दाखवला (चौथा_मजला यांचा प्रतिसाद दोनदा).

बाकड्यांना रबर लागलंय, निदान मागच्या खिडकीकडच्या ओळीला. बाकीच्याला पुढच्या पगारानंतर म्हणाला, कुणाच्या पगारानंतर ते कळलं नाही. बोळात दिवा लागलाय. पंक्चरवाल्याच्या भिंतीवर याने दिवा द्यायचा आणि त्याने वीज, बदल्यात आठवड्याला एक मग, असा करार आहे. स्वच्छतागृह आहे तेच आणि तेवढंच. त्यावर तो गप्प बसला. म्हणजे हिंगण्याची, तुमचे गुण कापलेलेच राहू द्या.

पाण्याला आरओ आहे. महापालिकेचं पाणी पुरलं नाही की टँकर. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी आणि टाक्यांच्या बाहेरच्या धुलाईला वापरतो म्हणाला. ग्लास धुवायला आरओचंच. वाळूजवाला, तुमचं समाधान होणार नाही, माझंही पूर्ण झालं नाही. धान्याचा चोथा मात्र वाया जात नाही. खालच्या डेअरीवाल्याचा भाऊ धायरीच्या पुढे गोठा चालवतो, तो पहाटे टेम्पो घेऊन येतो. म्हशी खूश आहेत म्हणे.

आता फेस. नळदुरुस्ती, त्याने तुमचा तिसरा उपाय धरला. केग भरून वर नेतो, सकाळी सातला, अभ्यासिकेची मुलं यायच्या आत, एका वेळी दोन. वॉचमन बरोबर उभा राहतो. गव्हाची आणि स्टाउट आता केगवरून येतात, दोन बोटं फेस, बस्स. आंबेमोहोर अजून खालच्या पाइपातूनच, पण फळ्यावर तिच्यापुढे खडूने 'दिवाळीनंतर' लिहिलंय.

डोकी मोजली. मंगळवारी, पावसात, चौतीस. त्यातले आठ जण एका टेबलावर, आनंदनगरमधून चालत आलेले, रिटायर्ड, पावसाळी चपला बाकाखाली. तिसरा मंगळवार आहे म्हणाले. मी चुकून त्यांच्या टोकाला बसायला गेलो तर एकाने नम्रपणे सांगितलं, "इथे आमचे एक येणार आहेत." म्युनिकवासी, घ्या तुमचं श्टामटिश.

चौथा_मजला

रबर लागलंय खरं. परवा आईनेच विचारलं, "ते दुकान बंद पडलं का रे?" मी म्हटलं नाही, चालू आहे. मग म्हणाली, "बरं आहे मग."

शेंगा पार्सल देतात का?

माणिकबागकर

देतात. चतुर्थीलासुद्धा.

आणि तिखटमीठ, तुमची पाटी लागली! शब्दही बदलला नाही. खिडकीत, पुलाकडे तोंड करून, पिवळ्यावर काळी. काल पुलावरून जाणाऱ्या दोन गाड्यांनी वेग कमी करून वाचली, मागच्यांनी हॉर्न वाजवले (चौथा_मजला, सॉरी).

तिखटमीठ

मानधन म्हणून एक मग फुकट पाहिजे. विचारा त्याला.

माणिकबागकर

विचारलं. दुपारी चार वाजता या म्हणाला, आंबेमोहोरचा पहिला ग्लास तुमचा.